रविंद्रभावजींचं एचडी लग्न

नाही, पण मी म्हणते, टीव्हीत एकदा दिसलेलं टीव्हीतच राहत का नाही? एवढी छत्री घरावर ठोकायची, एवढा डबा टीव्हीखाली ठेवायचा, दर महिन्याला न चुकता रिचार्ज मारायचा, आणि दिसलं ते दिसलं, गेलं ते गेलं, पुन्हा दाखव म्हटलं तर कोणी दाखवायला तयार नाही! आता तुम्ही म्हणाल, बाई, मोबाइलच्या जमान्यात कशाला डोक्याला ताप करून घेतेस... अहो, ताप मला नाही, मी मालिका बघते आणि भांडी घासेपर्यंत विसरते. ताप झाला आमच्या रविंद्रभावजींना. माझ्या थोरल्या बहिणीचे, जयवंतीताईचे यजमान. राहायला उधव्याच्या एका पाड्यावर, कामाला डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात. जेवताना मीठ कमी पडलं तरी मागणार नाही असा शांत माणूस हो, आणि हा माणूस डहाणू-तलासरीतल्या दिसेल त्याला गाठून एकच विचारत सुटला होता, "दिसेल ते ठीक आहे, पण राहील का?"

झालं काय, तुम्हाला सांगते. भावजींची आई शुक्रीबाय, ही धवलेरी. आमच्याकडे लग्न लावायला भट येत नाही, धवलेरी येते. ती मांडवात बसून धवल गाते, त्या गाण्यात एकेका देवाला नाव घेऊन बोलावते, देव येऊन बसले की लग्न लागलं. शुक्रीबायच्या गळ्याने लागलेली लग्नं मोजायची म्हटली तर आख्खा पाडा मोजावा लागेल, मीसुद्धा त्यात आले. तर गेल्या उन्हाळ्यात एका चॅनलची माणसं गाड्या भरून आली. कॅमेरे काय, चंदेरी पडदे काय, आणि एक मॅडम, उन्हाने लाल झालेल्या, पण बोलायला गोड. म्हणाल्या, "आजी, दोन ओळी म्हणून दाखवा ना." शुक्रीबायने विचारलं, लगीन कोणाचं हाय? मॅडम म्हणाल्या, कोणाचं नाही, आमच्यासाठी नुसतं. शुक्रीबायने हातातला तंबाखू मळून घेतला. मग म्हणाली, "लगीन नाय तर देवांना कह्याला बोलवू? आले नि विचारलं, तर काय सांगू?"

झालं! सगळं अडलं. मॅडम विनवण्या करतायत, कॅमेरावाला झाडाखाली आडवा झालाय, आणि म्हातारी ढिम्म. तेवढ्यात शुक्रीबायची जोडीदारीण बायजी, म्हणजे तिच्यामागे सूर ओढणारी, शेजारच्याच घरात राहते, ती सहज म्हणाली, की ह्या रविंद्रचं कुठं झालंय अजून? आता तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. आमच्याकडे ही रीतच आहे. दोघांचं जुळलं की संसार सुरू होतो, मुलंबाळं होतात, आणि लग्न जमेल तेव्हा. कोणाचं मुलांच्या लग्नातच आधी आईबापाचं लावतात. कोणी बोट दाखवत नाही. भावजी आणि ताई, लेक कॉलेजात जायला लागली तरी तसेच होते, घाई कोणाला होती? पण म्हातारीचे डोळे चमकले. लगेच मांडव घातला, हळद वाटली, भावजींना कारखान्यातून फोन करून बोलावलं, आणि ते कामाच्या कपड्यांत आले ते थेट पाटावर! आणि शुक्रीबाय गायली. स्वतःच्या मुलाचं लग्न, स्वतःच्या गळ्याने. मी तिथे होते, तुम्हाला सांगते, बायजी सूर ओढता ओढता थांबून नुसती ऐकत राहिली होती.

आणि पावसाळ्यात शुक्रीबायला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळी गेली. नुसता एक घशातला आवाज निघतो, तोही तिला आवडत नाही म्हणून काढत नाही. तुम्ही म्हणाल, इतकी गाणारी बाई, कोणाच्या तरी फोनमध्ये असेलच की! नाही हो. लग्नाशिवाय ती गायची नाही, आणि लग्नात कोणी फोन पुढे केला की काठीने खाली करायची, म्हणायची, हा देवांचा मांडव, तुमच्या फोनचा नाय. ते एकदाच तिने चालू दिलं, तेही मुलाच्या लग्नाच्या आनंदात. म्हणजे तिचा आवाज आता या जगात एकाच ठिकाणी, त्या चॅनलकडे. भावजी रोज कामावरून येऊन तिला भरवायचे आणि तोंडाकडे बघत बसायचे, एखादा शब्द येतो का. मला एकदा म्हणाले, "कविता, आई कशी हाक मारायची ते मला आठवेना झालंय गं." मोठा माणूस, आणि असं बोलला. मी चहा ठेवायला उठले.

दिवाळीनंतर मॅडमचा फोन आला, रविवारी सकाळी कार्यक्रम लागणार, एकदाच लागणार. भावजींनी विचारलं, आम्हाला एक कॉपी मिळेल का? मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे तशी पद्धत नाही हो, मोबाइलवर टाकतील की नाही तेही मला सांगता येणार नाही, पण तुम्ही नक्की बघा, फार सुंदर दिसेल. आणि भावजींनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं ते वाक्य, "दिसेल ते ठीक आहे मॅडम, पण राहील का?"

मग काय, वणवण! आधी डहाणू रोडला स्टेशनसमोर दक्षाबेनच्या दुकानात. दक्षाबेन म्हणजे काउंटरवर दहा रिमोट पसरून बसलेली, एकाचं झाकण उघडतेय, दुसऱ्याला सेल घालतेय, आणि मान वर न करता बोलतेय. "जुओ, बघा रविंद्रभाई, पहिले असा बॉक्स यायचा, त्याच्या पोटातच डिस्क. ते आता कंपनीने बंद केलं. आता हा एचडीवाला न्या, मागे भोक आहे, पेन ड्राइव लावा, लाल बटन दाबा, काम खलास." भावजींनी विचारलं, राहील का? "राहील ने! पण ह्याच बॉक्समदे. पेन ड्राइव काढून दुसऱ्या टीवीला लावली, कम्प्युटरला लावली, कायच नाय दिसणार, कंपनीचं कुलूप आहे. नि रिचार्ज संपला, तरी नाय दिसणार." भावजी काउंटरवर वाकले. मग म्हणाले, "म्हणजे आमची आई कंपनीच्या ताब्यात?" दक्षाबेनने तेव्हा मान वर केली. तिला काय माहीत, कोणाची आई ते!

कंपनीच्या ताब्यात आई नको म्हणून भावजी गेले तलासरीला, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडे. तो आधी रुसलेला, की पाड्यावर एवढं शूटिंग झालं आणि मला नाही बोलावलं! त्याला चहा पाजला, समजूत काढली, मग तो आतून लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला, माझ्या एचडी बॉक्सची वायर थेट यात घालतो, जसंच्या तसं उतरतं की नाही बघा. घातली. काळा पडदा! आवाज नाही, चित्र नाही, नुसता काळा. म्हणाला, लॉक आहे. मग त्याने ती जुनी वायर काढली, लाल, पांढरी, पिवळी, तीन तोंडांची. तिने उतरलं! पण काय उतरलं? बातम्या देणारी बाई दिसत होती उकडलेल्या बटाट्यासारखी. नाक कुठे, डोळे कुठे, पत्ता नाही. म्हणाला, या वायरीतून एचडी येत नाही, असंच येणार. भावजी म्हणाले, असं तर मला आता डोळे मिटल्यावर दिसतं. आणि वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली.

मग माझा नंबर. मी म्हटलं, भावजी, सोपं आहे, टीव्हीपुढे फोन धरायचा! आमच्याच घरी धरून बघितला. रेकॉर्डिंग लावलं तर त्यात पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचं भांडण, आणि टीव्हीच्या काचेत सगळ्या चित्रावर पसरलेली मी, गाऊनमध्ये, हातात फोन घेऊन! भावजी हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, आईवर तू दिसायला नको. बरोबरच आहे म्हणा, पण लागलं हो मला.

शेवटी दक्षाबेनचाच बॉक्स. तो बांधून झाल्यावर, पिशवीत घालता घालता ती म्हणते, टीवी एचडी आहे ने घरी? कुठला! भावजींचा टीव्ही म्हणजे मागे ढोलकीएवढं पोट असलेला. मग कोणाचा गेला? माझा! भिंतीवरून उतरवला, गोधडीत गुंडाळला, टेम्पोत घातला आणि नेला उधव्याला. बाळंतिणीला नेतात तसा जपून नेला, खड्डा आला की भावजी त्याला पोटाशी धरायचे. आणि तिकडे जाऊन हा माणूस काय करतो, तर तालीम! लाल बटण दाबून रोज काहीतरी धरून ठेवतो. हवामानाचा अंदाज धरला, वांग्याचं भरीत धरलं, कुठल्या तरी गावातला कुस्तीचा फड धरला. ताई म्हणायची, अहो झोपा. हे म्हणायचे, राहतंय का बघू दे. राहत होतं. पाऊस पडणार नाही असं सांगणारी ती बाई आमच्याकडे कायमची राहिली.

रविवार उजाडला. आख्खा पाडा भावजींच्या घरात. आणि ऐन वेळी टीव्हीवर चौकोन, चौकोन, चौकोन! भावजी बाहेर धावले, तर छत्रीच्या खांबाला कोणीतरी बकरी बांधलेली, आणि ती पाल्यासाठी खांब हलवतेय. बकरी सोडली, छत्री वळवली, आतून सगळे ओरडतायत, आलं, गेलं, आलं, तिथेच थांब! आले भावजी आत धापा टाकत, रिमोट हातात घेतला, तर खाटेवरून शुक्रीबायची काठी वाजली. टक, टक, टक. म्हातारी डाव्या हाताने भावजींना दाखवतेय, मग ताईला दाखवतेय, मग जमीन दाखवतेय, मग स्वतःच्या गालाला बोट लावतेय. कोणालाच कळेना. बायजीला कळलं. म्हणाली, "ती बोलते, मी आता देव बोलवणार, तर नवरा-नवरी कुठं हायत? बसा दोघं. हळद लावा."

काय सांगू तुम्हाला! कार्यक्रम सुरू होतोय, जाहिरात संपतेय, आणि इकडे दोघांना टीव्हीपुढे पाटावर बसवून बायका हळद फासतायत. भावजींचा रिमोट पिवळा, बोटं पिवळी. रेकॉर्डिंग आधीच वेळ लावून चालू केलेलं, तरी जिवाला स्वस्थता नाही म्हणून त्यांनी लाल बटण पुन्हा दाबलं, तर पडद्यावर प्रश्न, थांबवायचं का म्हणून! भावजींचं बोट हळदीने घसरतंय, चाळीस माणसं एका आवाजात नाही नाही म्हणून ओरडतायत, ताईने रिमोट ओढून पदराला पुसला आणि बरोबर बटण दाबलं. माझी बहीण आहे शेवटी.

आणि मग शुक्रीबाय आली टीव्हीत. मी एचडी एचडी खूप ऐकलं होतं, त्या दिवशी कळलं. कपाळावरचं गोंदण, मानेच्या शिरा, पापणीचा केस न् केस. आणि आवाज. ओसरीवरचे पुरुष उठून उभे राहिले, का कोणास ठाऊक. मी खाटेकडे बघितलं. म्हातारी स्वतःकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, अगदी बरोबरीने, एक शब्द चुकत नव्हता. फक्त आवाज टीव्हीतून येत होता. भावजी हळद लावलेल्या तोंडाने रडत होते, आणि ते पुसायचं सोडून हात रिमोटवर ठेवून बसले होते. अशा प्रकारे माझ्या बहिणीचं लग्न दुसऱ्यांदा लागलं.

माणसं जेवून गेली. भावजी आंघोळ करून आले, आईजवळ बसले, आणि म्हणाले, आता बघू, राहिलंय का. बटण दाबलं. राहिलं होतं! तोच मांडव, तोच आवाज, पहिल्या देवाचं नाव... आणि खाटेच्या पायावर काठी. अशी आपटली की ताईच्या हातातली परात पडली. भावजींना वाटलं, हिला काही झालं. तेवढ्यात शेजारून बायजी धावत आली, अर्धी वेणी तशीच, दारातूनच विचारते, आता कोणाचं लगीन? भावजी म्हणाले, कोणाचं नाही, काकी, नुसती टेस्टिंग करत होतो.

बायजी आत आली, टीव्ही कुठून बंद करतात ते तिला माहीत नव्हतं, तिने त्याच्यावर पदर टाकला. मग म्हणाली, "देव नाव घेऊन बोलवलेस. ते निघाले तिकडून. आता त्यांना काय सांगशील, टेस्टिंग होती?"

भावजींनी शुक्रीबायकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, रागाने नाही, आपल्या मुलाला इतकं कसं समजत नाही अशा नजरेने. त्यांनी बंद केलं.

तेव्हापासून ते बंद आहे. ताई म्हणाली, आवाज घालवून नुसतं चित्र बघा. भावजी म्हणाले, चित्र माझ्यापुढे खाटेवर आहे, मला आवाज पाहिजे. मी म्हटलं, कानात घालून एकट्याने ऐका, कोणाला कळतंय! त्यांनी प्रामाणिकपणे आईला विचारलं, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बायजी म्हणाली, देवांना कान नाहीत का? दक्षाबेनला विचारलं, देवांची नावं कापून बाकीचं ठेवता येईल का? ती म्हणाली, कुलपातलं कापता येत नाही. आणि नावं कापली तर त्या गाण्यात उरतं काय? एक कुलूप कंपनीचं, ते रिचार्ज मारला की उघडतं. दुसरं आईचं, ते लग्न असेल तरच उघडतं.

आता बघा, रिचार्ज थांबवता येत नाही, थांबला तर आहे तेही जाईल. दुसरं काही त्यावर धरता येत नाही, चुकून पुसलं गेलं तर? कोणाला हात लावू देत नाहीत. माझा टीव्ही तिकडे चादर पांघरून बसलाय आणि मी इकडे मालिका फोनवर बघतेय, डोळे बारीक करून. मागू कशी? जाते तेव्हा बघते ना, संध्याकाळी कामावरून आले की तो माणूस आईचे पाय चेपतो, आणि मधूनच त्या डब्याच्या लाल दिव्याकडे बघतो. आई आहे, आईचा आवाज आहे, दोन्ही एकाच खोलीत, आणि मध्ये हा बसलेला. मला त्यांची फार दया येते.

म्हणून भावजींनी काय काढलंय, तर पाड्यावर ज्यांचं ज्यांचं लग्न राहिलंय त्यांच्या घरी फेऱ्या! स्वतः इतकी वर्षं बिनलग्नाचे निवांत होते, आणि आता लोकांना म्हणतात, करून घ्या रे, चांगलं असतं! बायजीने कबूल केलंय, की खरं लग्न असेल तर लावा तो टीव्ही, शुक्रीच्या आवाजामागे मी सूर ओढीन. एवढं ऐकलं आणि भावजी तडक हिरूकडे. हिरू आणि रूपी, तीन मुलं, लग्न बाकी. भावजी म्हणाले, मांडव माझ्या अंगणात घालतो, जेवण माझं, हळद माझी, तुम्ही दोघांनी फक्त येऊन बसायचं. हिरूने डोकं खाजवलं, रूपीकडे बघितलं, आणि म्हणाला, "करू ना दादा. पण घाई काय हाये?"

घाई काय आहे! शुक्रीबाय आताशा दोन घासांवर ताट सरकवते. तिला ऐकू येतंय तोवर तिच्या शेजारी बसून ऐकायचंय त्यांना, एवढीच घाई आहे. पण हे हिरूला कोण सांगणार? भावजी सांगत नाहीत, ते बरं म्हणाले आणि परत आले.

तेव्हा तुम्हाला सांगते, हसू नका, खरंच विचारतेय. तुमच्यात कोणाचं राहिलंय का? म्हणजे संसार चालू आहे, पण लग्न तेवढं राहिलंय, असं कोणी? या उधव्याला. मांडव भावजींचा, टीव्ही माझा, आणि रिचार्ज मारलेला आहे.